लोणारच्या काठावर अम्मींसोबत

आपल्या घरांतली सहल कशी असते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. दोन गाड्या, चार डबे, एक मोठी चटई. गाडी थांबली की मुले आणि पुरुष मंडळी ‘जरा पुढे बघून येतो’ म्हणून निघतात आणि बायका चटईवर बसून पिशव्या, चपला आणि तान्ही मुले सांभाळतात. संध्याकाळी परत येताना मुले सांगतात, ‘दादी, खाली काय मस्त होतं!’ आणि दादी म्हणते, ‘असू दे बाबा, तुम्ही बघितलं ना, झालं.’

आम्हीही वर्षानुवर्षे अशाच सहली काढल्या. त्या कशा बदलल्या, हे सांगण्यासाठी हा लेख. निमित्त आहे आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचे.

घराजवळचे आश्चर्य

बुलढाण्याहून चिखली, मेहकर करत लोणार नव्वद-एक किलोमीटर पडते. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, सुमारे दीडशे. रेल्वेने येणाऱ्यांना जालना सोयीचे. रस्त्याने येताना दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीनची सपाट शेते. पुढे काही वेगळे असेल असे वाटतच नाही. गावाच्या कडेला आलो की जमीन जराशी वर चढते, आणि एकदम पायांखाली जग संपते. समोर प्रचंड गोल वाडगा, त्याच्या कडांवर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी.

अवकाशातून आलेली उल्का इथे आदळली आणि हे विवर झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठावरून पाण्यापर्यंतची खोली अंदाजे १४० मीटर, म्हणजे पंचेचाळीस मजली इमारत आत उभी राहील एवढी. आपल्या दख्खनचा काळा बसाल्ट दगड इथे फुटला, वितळला आणि उसळून बाहेर पडला. चंद्रावरचे काळे डाग म्हणून आपण जे पाहतो, तेही बसाल्टचेच. त्यामुळे चंद्राचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना लोणारचे फार महत्त्व. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचे विवर जगप्रसिद्ध आहे, पण ते वालुकाश्म आणि चुनखडीत झालेले आहे.

हे कधी घडले? आधीच्या मोजणीत सुमारे ५२ हजार वर्षे असे उत्तर आले होते. नंतर दगडांतल्या आर्गॉन वायूवरून केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. आमच्या पुतण्याने विचारले, ‘मग खरं काय?’ नव्या मोजणीची पद्धत अधिक भरवशाची मानली जाते, पण संशोधन अजून चालू आहे, असे आम्ही त्याला सांगितले. मोठ्यांनाही सगळे ठाऊक नसते, हे मुलांना कळायला अशी ठिकाणे बरी.

अबुल फजलने अकबर बादशहाच्या काळात ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. त्यात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार आहे. साबण आणि काच करायला लागणारे पदार्थ इथे मिळतात, असे त्याने नोंदवले आहे. ते बरोबरच आहे. हे पाणी खारट तर आहेच, शिवाय साबणासारखे अल्कधर्मी आहे. बोटांवर घेऊन चोळले तर बुळबुळीत लागते. पुढे १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, आणि मग परदेशी अभ्यासकांचे लक्ष इकडे वळले.

आमची पहिली फेरी, आमची चूक

दोन वर्षांपूर्वी मार्चच्या एका रविवारी आम्ही गेलो. अम्मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, शुगरच्या गोळ्या चालू. सकाळी निघायला उशीर झाला. अम्मींनी गोळी घेतली, पण गडबडीत नाश्ता राहिला. चहात बुडवून दोन खारी, एवढेच पोटात. काठावर पोहोचेपर्यंत अकरा वाजले. अम्मी म्हणाल्या, ‘या वेळी मी पण खाली येते.’ आम्हाला आनंद झाला. त्या आनंदात कोणी काही विचार केला नाही.

उतरताना काहीच वाटले नाही. सावली होती, मोर ओरडत होते, वानरे फांद्यांवरून बघत होती. खाली एक तास कसा गेला कळले नाही. चढताना मात्र अर्ध्या वाटेवर अम्मी थांबल्या. कपाळावर घाम, हात थरथरत होते, बोलणे तुटक. आम्ही दहा माणसे आणि पाण्याच्या तीन बाटल्या, त्यातल्या दोन रिकाम्या. डबा वर गाडीत. कोणाच्या खिशात साखरेचा दाणा नाही.

त्याच वेळी एक शेतकरी बाई आपल्या मुलासोबत वर निघाली होती. तिने अम्मींना बघितले, काही न विचारता पदराची गाठ सोडली आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. ‘चघळा आई, हळू हळू,’ म्हणाली. तिच्या बाटलीतले पाणीही दिले. पंधरा-वीस मिनिटांत अम्मींच्या चेहऱ्यावर रंग आला. बाई वरपर्यंत आमच्यासोबत चालली आणि नाव विचारायच्या आत निघून गेली. अल्लाह तिचे भले करो.

घरी आल्यावर डॉक्टरांनी समजावले. गोळी घेतली, खाल्ले नाही, वरून एवढे श्रम. म्हणून शुगर एकदम खाली गेली. दोष लोणारच्या चढाचा नव्हता, आमच्या बेफिकिरीचा होता.

पण घरात निकाल वेगळाच लागला. मोठ्या भाऊजींनी जाहीर केले, ‘यापुढे बायकांनी वरच बसायचं. कशाला नसता धोका?’ आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. अम्मी काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी धाकटी लेक त्यांना म्हणाली, ‘दादी, तुझ्यामुळे आता आम्हाला पण जाऊ देणार नाहीत.’ लेकरू बोलून गेले, पण ते बोलणे अम्मींना लागले. एकीच्या चक्करचा दंड घरातल्या सगळ्या मुलींना बसणार होता.

नऊ महिन्यांची तयारी

अम्मींनी वाद घातला नाही. फजरची नमाज झाली की त्या जवळच्या शाळेच्या मैदानात चालायला जाऊ लागल्या. आधी दोन फेऱ्या, मग चार. सोबतीला शेजारच्या खाला, नंतर आमच्या घरातल्या दोन सुना. रमजानमध्ये वेळ बदलली, पण चालणे सुटले नाही. पावसाळ्यात चिखल झाला तेव्हा जिन्यावर चढ-उतार सुरू. डॉक्टरांना विचारून जास्त चालण्याच्या दिवशी गोळी आणि खाणे कसे सांभाळायचे ते समजून घेतले. डिसेंबरमध्ये त्यांनी एवढेच विचारले, ‘लोणारला कधी जायचं?’

भाऊजींनी नाही म्हणून पाहिले. अम्मी म्हणाल्या, ‘त्या दिवशी मी उपाशी होते, म्हातारी नव्हते.’ यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

दुसरी फेरी

या वेळी आम्ही फजरनंतर लगेच निघालो. मेहकरला थांबून सगळ्यांनी पोटभर नाश्ता केला. साडेनऊला आम्ही काठावर होतो. खाली उतरण्याआधी काठाकाठाने थोडे चाललो. पूर्ण काठ फिरायचा तर साडेपाच किलोमीटरहून जास्त चाल होते. मुलांसाठी त्यातला एखादा किलोमीटरही पुरे. गावाच्या बाजूला गोड्या पाण्याची बारमाही धार आहे. खाली खारे तळे आणि वर त्याच्याच काठातून गोडे पाणी, याचे मुलांना फार नवल वाटले.

उतरताना झाडी बदलत जाते. वर साग, कडुनिंब, सीताफळ. खाली चिंच, शिंदी. पाण्याजवळ आले की झाडे संपतात, उग्र वास येतो आणि काठ चिकट होतो. तिथे जुनी दगडी मंदिरे आहेत, त्यांतल्या कमळजादेवीच्या दर्शनाला भाविक येतात. अशा ठिकाणी आवाज हळू ठेवावा, डबा उघडू नये, हे आम्ही मुलांना वरच सांगितले होते. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या जागेतून अदबीने जायचे, एवढी शिकवण घरातूनच हवी.

आत चालताना हेही लक्षात ठेवावे की हे अभयारण्य आहे. २००० साली तसा दर्जा मिळाला, आणि २०२० मध्ये लोणारचा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, समावेश झाला. नांदूर मधमेश्वरनंतरचे महाराष्ट्रातले हे दुसरे स्थळ. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले होते, ते अनेकांना आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले तेव्हा खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्यामागे आढळले. पाणी कमी होऊन क्षार वाढले की ते फोफावतात. अलीकडे मात्र पाण्याची पातळी उलट वाढू लागली आहे आणि काठच्या वाटा, मंदिरे पाण्याखाली जाण्याची चिंता आहे. म्हणून तळ्याभोवती फेरी घालण्याचा हट्ट धरू नये. कोणती वाट खुली आहे ते प्रवेशद्वारावर वनरक्षकांना विचारूनच उतरावे.

परतीचा चढ अम्मी अकरा वेळा थांबून चढल्या. मुलांनी मोजले. दर थांब्याला दोन घोट पाणी, एक खजूर. कोणी घाई केली नाही. आम्हीच जास्त धापा टाकत होतो. वर पोहोचल्यावर सोबत आणलेल्या पाण्याने वजू करून झाडाखाली जुहरची नमाज झाली. मग चटई अंथरली, भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी निघाली. त्या दिवशी पहिल्यांदा पिशव्या राखायला कोणीच मागे बसले नव्हते.

निघण्याआधी एवढे करा

• ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मार्चनंतर जायचेच तर सकाळी दहाच्या आत चढ संपवा.

• माणशी दीड-दोन लिटर पाणी, वजूचे पाणी वेगळे. तळ्याचे पाणी पिण्याजोगे नाही.

• शुगर किंवा बीपीची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. उपाशी पोटी उतरू नये. साखर, गूळ किंवा ग्लुकोज चालणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात हवे, गाडीत नव्हे.

• घाम, थरथर, चक्कर, बोलण्यात गोंधळ दिसला तर लगेच बसवून गोड द्यावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, मदत बोलवावी. छातीत दुखले तर पुढे चालू नये.

• पायांत पकड असलेले बूट हवेत. बुरखा किंवा ओढणी पायात येणार नाही अशी आवरून घ्यावी. त्यात अवघड काही नाही, आमच्या सुनांनी सहज केले.

• जो सर्वांत हळू चालतो तो पुढे, तगडे मागे. सगळे त्याच्या चालीने चालतील.

• प्लास्टिक परत आणावे. दगड उचलू नयेत, वानरांना खाऊ घालू नये, गाणी लावू नयेत.

• दोन दिवस काढता येत असतील तर काठाजवळ एमटीडीसीचे निवास आहे. दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजा पाहता येतो.

लोणारने पाय तयार झाले की जिल्ह्यात आणखीही आहे. बुलढाणा-खामगाव दरम्यानचे ज्ञानगंगा अभयारण्य मुलांना दाखवावेच. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ तेराशेहून अधिक किलोमीटर चालत २०१९ च्या अखेरीस इथे पोहोचला होता. तिथे मात्र पायी भटकायचे नाही, वनखात्याच्या नियमानेच फिरायचे.

परतताना मेहकरच्या पुढे अंधार पडला. मुले झोपली होती. भाऊजी गाडी चालवत होते, बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘अम्मी, पुढच्या वेळी काठाची पूर्ण फेरी मारायची का?’ अम्मी म्हणाल्या, ‘आधी तू सकाळी मैदानात यायला लाग.’

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मैदानात भाऊजी आले होते. वाचकहो, तुमच्याही घरात वर बसून पिशव्या सांभाळणारे कोणी असेल, तर त्यांना आज एवढेच विचारा, ‘तुम्हाला खाली यायचं आहे का?’ हो म्हणाल्या तर उद्यापासून त्यांच्यासोबत चालायला लागा.