मनमाडला उतरवलेली सात मुलं

गाडी उशिरा लागते आणि थांबा मोजक्या मिनिटांचा. आधीच्या स्थानकावरून निरोप आलाय तो एवढाच: मागच्या जनरल डब्यात सात पोरं, बरोबर एक माणूस, सगळ्यांच्या अंगात एकाच छापाचे नवे शर्ट. आरपीएफचे दोन जवान गर्दीत घुसतात. दारातल्या बायका ओरडतात, कुणाची तरी पिशवी खाली पडते. गाडी हलायच्या आत मुलं फलाटावर आहेत.

उपनिरीक्षक मॅडम पंजाबी ड्रेसमध्ये आल्या आहेत. मुलांशी बोलताना शक्यतो गणवेश नको, असं बाल न्याय नियमांत लिहिलंय. तो नियम पाळलेला मी क्वचितच पाहतो. मुलांना खोलीत बसवून बिस्किटं दिली जातात. माणूस बाहेर बाकावर.

"कौन लगते हो इनके?"

"मामा."

"किसके?"

"सबके, मैडम."

जवान हसतो. मॅडम हसत नाहीत. त्या आधार कार्डं मागून घेतात आणि टेबलावर पत्त्यांसारखी मांडतात. सातही जण 1 जानेवारीला जन्मलेले, सातही अठरा पूर्ण. त्यातल्या एकाला मिसरूड तर सोडाच, वरचे सुळेही अजून पुरते आलेले नाहीत. आधारवरची तारीख वयाचा पुरावा मानता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये सांगितलंय. बाल न्याय कायद्याचं कलम 94 आधी शाळेचा दाखला मागतं, मग ग्रामपंचायतीतली जन्मनोंद, आणि काहीच नसेल तेव्हा डॉक्टरची तपासणी. म्हणून मॅडम वय विचारतच नाहीत. शाळा कुठली, मास्टरसाहेबांचं नाव काय, कितवीत असताना सोडली, हे एकेकाला वेगळं बसवून विचारतात. "छठी," धाकटा सांगतो. त्याला अठरा वर्षांचं पाठांतर दिलेलं होतं, सहावीचं नव्हतं.

हे सगळं फार सावकाश चाललंय. माझ्यासारख्या बघ्याला वाटतं, आता आणखी काय हवं? पण मनमाड एकदा पोळलंय. 2023 च्या मे महिन्यात दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून 59 मुलं भुसावळला आणि इथं उतरवली गेली, पाच जणांना अटक झाली. मुलं मदरशात शिकायला निघाली होती. आईबाप तिकडे रडत राहिले, मुलं इकडे बालगृहात, आणि पुढच्या वर्षी तपास बंद झाला, गैरसमज होता म्हणून. म्हणूनच आता मॅडमचा पहिला फोन एका मुलाच्या बापाला, स्पीकरवर.

"काम सीखने भेजे हैं," बाप म्हणतो.

"क्या काम?"

"ऊ तो ठेकेदार जाने."

"पैसा मिला?"

थोडा वेळ नुसती खरखर ऐकू येते. मग, "पाँच हजार. बाकी साल के आखिर में."

ऊसतोडीच्या मुलखात याला उचल म्हणतात. नोंदवहीत आकडा उतरतो, वेळ उतरते, फोन नंबर उतरतो.

लोहमार्ग पोलिसांचे हवालदार येतात. आरपीएफनं गाडीतून सोडवायचं, गुन्हा मात्र यांनी दाखल करायचा, अशी वाटणी आहे. हवालदार अनुभवी आणि थकलेले. "मॅडम, बालकामगार लावू. सुटसुटीत होईल."

"काम कुठं केलंय अजून यांनी?"

मला हा प्रश्न सुचलाच नसता. मुलं अजून कारखान्यात पोचलेली नाहीत; तिथल्या मालकावर लागणारं कलम इथं टिकणार कसं? लागतं ते भारतीय न्याय संहितेचं 143: शोषणासाठी फसवून किंवा आमिष दाखवून नेणं. मूल स्वखुशीनं निघालं होतं, हा बचाव त्यात चालत नाही. एकाहून जास्त मुलं असतील तर शिक्षा किमान चौदा वर्षं. पण इतकी जड शिक्षा मागायची तर शोषणाचा हेतू सिद्ध करावा लागतो, आणि तो या खोलीत नाही. तो मामाच्या मोबाइलमध्ये आहे, बापाला गेलेल्या पाच हजारांत आहे, आणि पुण्याजवळ कुठंतरी, जिथं ही पोरं पोचायची होती.

"हे बिहारवाले असेच," हवालदार मोबाइल पाकिटात घालून सील करता करता म्हणतात.

1098 या बालमदत क्रमांकावरून निरोप मिळून आलेल्या ताई मान वर करतात. "साहेब, 2022 ला इगतपुरीत काय झालं? आपल्याच जिल्ह्यातली कातकऱ्यांची पोरं मेंढ्या वळायला दिलेली. एक मेंढी आणि थोडे पैसे. त्यातली एक पोरगी गेली." हवालदार उत्तर देत नाहीत. ताई पुन्हा अर्ज भरू लागतात; चोवीस तासांच्या आत मुलांना नाशिकच्या बालकल्याण समितीपुढे न्यायचंय.

पंचनाम्याला पंच मिळेना. चहावाला हात जोडतो: "मागच्या वेळी तारखा करून करून धंदा बुडाला, साहेब." मुलांच्या तस्करीचे खटले सहा महिन्यांत संपवा, असं सर्वोच्च न्यायालय 2025 मध्ये म्हणालंय, चहावाल्यापर्यंत ते पोचायचंय. शेवटी एक हमाल तयार होतो. दुसरा पंच म्हणून मॅडम माझ्याकडे बघतात. मी पत्ता लिहून देतो.

सील होण्याआधी मामाच्या फोनवर ठेकेदाराचे सहा मिस्ड कॉल आले होते. ठेकेदार सावध होण्याआधी मॅडम पुण्याकडच्या एका ठाण्याला फोन लावतात. पलीकडचा आवाज म्हणतो, पथक बंदोबस्ताला गेलंय, सकाळी बघू.

"सकाळी तिथं कुलूप असेल," मॅडम म्हणतात. "आत आधीची पोरं आहेत. तुमच्या वरिष्ठांचा नंबर द्या."

पलीकडून नंबर येतो. त्या तळहातावर लिहून घेतात आणि लावतात.