नोटीस चिकटली, भिंत तशीच

मृग जवळ आला की राज्यातल्या बाकीच्या महापालिकांप्रमाणे नांदेड आणि लातूरच्या महापालिकाही पडक्या घरांची यादी बाहेर काढतात. नांदेडला जुन्या गावठाणात, लातूरला गंजगोलाईभोवतीच्या पेठांत अजून दगड-मातीचे वाडे आणि माळवदाची घरे उभी आहेत. भिंतीला फुगवटा आलेला, फटीतून पिंपळ उगवलेला, तुळईचे टोक वाळवीने खाल्लेले. अशा घराच्या दारावर नोटीस चिकटते. त्यात मालक आणि भोगवटादाराचे नाव, मालमत्ता क्रमांक, घर उतरवून घ्या किंवा दुरुस्त करा असा आदेश असतो. शेवटी बहुतेक नोटिसांत एक ठरलेले वाक्य येते: दुर्घटना घडल्यास महापालिका जबाबदार राहणार नाही.

या वाक्यावर नोटीस संपते, आणि बरेचदा कारवाईही.

वास्तविक कायदा एवढा लेचापेचा नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या २६४ व्या कलमानुसार पडायला आलेली इमारत पाडण्याचा, टेकू देण्याचा किंवा दुरुस्तीचा हुकूम आयुक्त लेखी नोटिशीने देऊ शकतात. धोका अगदी तोंडावर असेल तर नोटिशीची वाट न पाहता महापालिका स्वतः काम करून खर्च मालकाकडून वसूल करू शकते. २६८ वे कलम घर रिकामे करायला लावण्याचे आहे. माणसे हलली नाहीत तर पोलिसांची मदत घेता येते. तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून दाखला देण्याची जबाबदारी २६५-अ कलमाने मालक-भोगवटादारांवर टाकली आहे. तपासणीनंतर इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी माणसे आत ठेवूनच दुरुस्त होण्याजोगी, आणि सी-३ किरकोळ डागडुजीची.

मग अडते कुठे? कागदावर नव्हे, उंबऱ्यात. जुन्या वाड्याच्या मालमत्ता पत्रकावर आजोबांचे नाव तसेच असते. वारस पुणे-हैदराबादला, त्यांचा वाटणीचा दावा दिवाणी कोर्टात. खालच्या मजल्यावर दोन पिढ्यांचा भाडेकरू. नोटीस नेमकी कोणी मनावर घ्यायची? मालकाला पाडायची घाई, कारण जागा मोकळी होते. भाडेकरूला पाडू द्यायचे नसते, कारण एकदा सामान बाहेर काढले की परतीची खात्री नाही. मालकानेच धोकादायकचा शिक्का मारून आणला, हा आरोप अशा प्रत्येक भांडणात ऐकू येतो. तो दरवेळी खोटा असतो असेही नाही.

मराठवाड्यात या भांडणाला निजामी मुलखाचा वारसा आहे. मुंबईला १९४७ चा भाडे कायदा होता, तर इथे हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम साऱ्या राज्याला सारखा लागू झाला. घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे काम, असे त्याचे १४ वे कलम म्हणते. नोटीस देऊनही पंधरा दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो; मात्र वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. महिना दोनशे रुपये भाड्याच्या खोलीला हा हिशेब लावला तर वर्षाचे सहाशे रुपये हाती येतात. तेवढ्यात सिमेंटच्या दोन गोण्याही येत नाहीत.

मुंबई बेटावरच्या जुन्या चाळींसाठी १९६९ पासून उपकर आणि दुरुस्ती मंडळ आहे. तेही फार वेगाने चालते असे नाही, पण निदान एक खिसा तरी आहे. नांदेड-लातूरकडे तोही नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला जादा चटईक्षेत्राची सवलत आहे. पण दोन दुचाक्या समोरासमोर आल्या की अडणाऱ्या बोळात, दीड गुंठ्यासाठी बिल्डर येणार तरी कशाला?

लातूरकरांना वास्तविक हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपापेक्षा घरांनीच जास्त माणसे मारली. दगडाच्या जाड भिंती चिखलात रचलेल्या, दोन्ही बाजूंचे थर एकमेकांना न बांधलेले, आणि वर मातीचे जड माळवद. गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची, अशी देखभालीची रीतच होती. घराची काळजी घेता घेता छपराचे ओझे वाढत गेले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. जिथली घरे उभी होती तिथे मजबुतीकरण झाले. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत आरपार दगड बसवायचे, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, अशी ही कामे होती. म्हणजे पैसा आणि गवंडी दोन्ही मिळाले तर जुने घर न पाडताही सुधारते, हा अनुभव याच जिल्ह्याच्या गाठीशी आहे.

नुसत्या नोटिशीचे काय होते ते भिवंडीत दिसले. २१ सप्टेंबर २०२० रोजी जिलानी बिल्डिंग कोसळून जवळपास चाळीस माणसे गेली. इमारतीला आधी नोटीस दिली होती, असे महापालिकेनेच सांगितले. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली इमारतीचा तुकडा पडून एक विद्यार्थिनी मेली, तेव्हापासून तिथे सहा मजल्यांवरच्या इमारतींच्या दर्शनी भागाची दर पाच वर्षांनी तपासणी होते. दुरुस्तीचा खर्च टाळून पदपथावर वर्षानुवर्षे तात्पुरते मांडव ठेवणारे मालक तिथेही आहेत.

इथे महापालिकांनी ‘जबाबदार नाही’ हे वाक्य नोटिशीतून काढून टाकावे. कलम २६४ मध्ये त्याला आधार नाही. त्याजागी कुटुंबाने तात्पुरते कुठे राहायचे ते लिहावे आणि भाडेकरूच्या ताब्यातल्या जागेचे मोजमाप करून त्याची प्रत त्याला द्यावी. असे झाले तर माणसे हलतील.

भूकंपानंतर धास्तीने माळवद सोडून आरसीसीत गेलेल्यांची पहिली घरेही आता तीस वर्षांपलीकडे गेली आहेत, तेव्हा २६५-अ कलम त्यांनाही लागू होते. शेजारची भिंत कलली असेल तर फोटोसह अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यावा, त्यात कलम २६४ चा उल्लेख करावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.