दंडाचा रुपया, हजेरीचा रुपया

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मजुरी आण्यांत मोजली जाई त्या काळात हा रुपया घराला झोंबणारा होता. बडोद्यात सयाजीरावांनी ही वाट आधीच धरली होती: 1893 मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग, 1906 मध्ये सगळ्या संस्थानासाठी कायदा. ब्रिटिश मुलखात मात्र गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी पडले.

शाहू महाराजांनी नुसता दंड बसवला नाही. 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहत होती. खेड्यातल्या पोराच्या राहण्याजेवणाची सोय आधी झाली, सक्ती नंतर आली. हा क्रम पुढच्यांनी फारसा लक्षात ठेवला नाही.

1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यातही पालकांना शिक्षेची तरतूद होती. पण थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते म्हणूनच जिथे आई मजुरीला जाऊ शकते, त्या घरावर नोटीस बजावून काय साधणार?

1992 मध्ये महाराष्ट्राने उलटी वाट धरली. पहिली ते चौथीतल्या गरीब, मागास घरांतल्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया भत्ता सुरू झाला. आता पैसे सरकार देणार होते. महागाई कुठल्या कुठे गेली, तरी पुढची तीन दशके तो रुपया रुपयाच राहिला, ही मात्र लाजिरवाणी गोष्ट आहे.

1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि मुलाच्या प्रवेशाची, हजेरीची, शिक्षण पुरे होण्याची जबाबदारी सरकारवर आली. तिची खरी कसोटी बीडसारख्या जिल्ह्यांत लागते. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्यातच परततात. पाठोपाठ मुलेही फडावर जातात. त्यांच्यासाठी साखर कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या; पुढे गावातच हंगामी वसतिगृहे आली. मूल आजीआजोबांजवळ राहते, जेवण मिळते, शाळा तुटत नाही. 2017 च्या सुमारास बालरक्षक म्हणून पुढे आलेले शिक्षक ऊसतोडीची टोळी निघण्याआधी घरोघर जाऊन आईबापांची समजूत घालू लागले.

पण समजूत पटली तरी मुलाला ठेवायचे कुठे, हे त्याच दिवशी सांगता आले पाहिजे. वसतिगृहाची मंजुरी आणि पैसे दसऱ्याआधी गावात पोचायला हवेत. टोळी गेल्यावर वसतिगृह उघडले, तर तिथे यायला मूल गावात नसते.