झाकण उघडून दाखवा

वसई रोड पश्चिमेला, अंबाडी रोडवरचं दुकान. दुपारचे साडेतीन. माझा चार्जर आतल्या टेबलावर तपासायला गेलाय, त्यामुळे समोरच्या काउंटरवरची खरेदी आयतीच बघायला मिळतेय.

मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेज अंधेरीत. भावाचा जुना लॅपटॉप विंडोज अकरा घेत नाही आणि दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सोबत आई, भुईगावच्या वाडीतली भाजी पापडीच्या बाजारात विकणारी.

‘‘मावशी, हा घ्या. आय-सेव्हन आहे,’’ सेल्समन म्हणतो.

मुलगी पाटीवरचं बारीक अक्षर वाचते. ‘‘पण नंबरच्या शेवटी यू आहे. त्या आय-फाइव्हला एच आहे.’’

पोरगा गप्प. यू म्हणजे मूळ १५ वॅटचा प्रोसेसर, एच म्हणजे ४५ वॅटचा. सलग जड कामात एच दमदार, पण बॅटरीही तशीच पितो, आणि पावसाळ्यात वसईत लाइट गेली की मग बसा. स्टिकरवर सात ठळक छापतात, हे अक्षर नाही.

आईने तेवढ्यात गेमिंगवाला एका हातात आणि त्याचा चार्जर दुसऱ्या हातात घेतलाय. ‘‘तीन किलो भरेल.’’

‘‘नाही ओ, दोन किलो तीनशेच आहे.’’

‘‘चार्जर घरी ठेवून जाणार का ती? सकाळच्या विरार लोकलमध्ये पोटाशी धरून उभं राहायचंय.’’ गेमिंगवाला बाद.

मग ती उरलेल्यांतला एक उचलून थेट दाराशी जाते, साडीचा रंग उजेडात बघावा तशी. पडदा २५० निट्सचा. उन्हात त्यात तिचा स्वतःचा चेहरा आणि मागची रिक्षा एवढंच दिसतं. दुसरा ४०० चा आहे, त्यावरची अक्षरं निदान वाचता येतात. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच झकास होते!

‘‘नंतर यात काय वाढवता येतं?’’ आई विचारते. माझ्या मते दुपारभरातला सगळ्यात कामाचा प्रश्न.

उत्तर दुरुस्तीच्या टेबलावरून येतं. कारागीर त्याच्याकडे उघडून ठेवलेलं मशीन पुढे सरकवतो. एका स्क्रूवर बसलेली बोटभर पट्टी, ती एसएसडी. काढून मोठी घालता येते. रॅम शोधावी लागते. बोर्डावर काळे चपटे चौकोन, थेट सोल्डर केलेले. ‘‘आठ जीबी घेतलीत तर आठच राहणार. यात स्लॉट नाही.’’ ज्याची अक्षरं दिसतात त्या ४०० निट्सवाल्यातही रॅम अशीच, पण तो सोळातही येतो.

सेल्समन लगेच ५१२ चं एक टीबी करून देण्याची ऑफर काढतो. नेमकं जे पुढे स्वतः बदलता येतं, तेच आज विकायची घाई.

‘‘ते राहू दे,’’ आई म्हणते. ‘‘सोळावाला काढा. पट्टी तिच्या भावाच्या बोनसवर बघू.’’

‘‘मावशी, रॅमचे भाव वाढलेत. सगळी डेटा सेंटरवाले उचलतायत, एआयसाठी.’’

‘‘म्हणूनच आज घेतेय ना. बॅग नको, माउस नको, त्याचे कमी करा. आणि बिल जीएसटीचं, पक्कं.’’

पोरगा मालकाला फोन लावतो. कारागीर मला हाक मारतो: चार्जर ठीक आहे, लॅपटॉपची पिन सैल झालीय, आणि ती बोर्डावरच सोल्डर केलेली आहे.