निर्णयाआधी भावनेचे निदान

पुणे जिल्ह्यातील खेड तालुका कांदा व बटाटा या पिकांसाठी प्रसिद्ध आहे. चाकणच्या बाजारात कांद्याचा लिलाव होतो आणि त्याच चाकणच्या सभोवती आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. पिंपरी-चिंचवडच्या गावांनी १९६० नंतर जे अनुभवले, ते चाकण परिसराने १९९० नंतर अनुभवले. काही जमीन संपादित झाली, काही विकली गेली, उरलेल्या क्षेत्रावर शेती सुरू आहे. वडील शेतावर, मुलगा कंपनीत कंत्राटी कामगार, मुलगी लग्न होऊन भोसरीला, अशी अनेक कुटुंबे या पट्ट्यात आढळतात. अशा घरात पिकापेक्षा मोठे निर्णय जमीन, पैसा आणि वाटणीचे असतात, आणि त्यांतील बरेच रागाच्या भरात घेतले जातात. म्हणून पीक संरक्षणाच्या मासिकात हा विषय मांडत आहे.

स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखणे, त्यांचे कारण समजून घेणे आणि त्यानुसार वागणे या क्षमतेला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना शास्त्रीय स्वरूपात मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. यशासाठी ही क्षमता बुद्ध्यंकापेक्षाही महत्त्वाची, असा प्रचार पुढे झाला. तो मला अतिशयोक्त वाटतो. मात्र ही क्षमता सरावाने वाढविता येते, हा भाग आपल्या उपयोगाचा आहे.

कांद्याच्या पातीचे शेंडे वाळू लागले तर कारण एकच नसते. फुलकिड्यांनी रस शोषला असेल तर पातीवर पांढरट-चंदेरी ठिपके दिसतात. जांभळा करपा असेल तर चट्टे पडतात. पाण्याचा निचरा होत नसेल तर मुळेच काम करीत नाहीत. कारण न पाहता युरिया टाकला किंवा औषध फवारले तर खर्च वाया जातो. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन केंद्र असलेल्या या तालुक्यात हे वेगळे सांगण्याची गरज नाही. रागाचेही असेच आहे. वर दिसतो तो राग. खाली भीती असेल, अपमान असेल, किंवा नुसते जागरण असेल.

समजा, या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची आहे. वडिलांनी रात्रभर दारे धरली. मुलगा सकाळी रात्रपाळीहून आला आणि झोपला. दुपारी दोघांत वाद होतो आणि "तुला घराची पर्वा नाही" इथपर्यंत जातो. वास्तविक वडिलांना भीती आहे ती आपल्यामागे वावर पडीक राहण्याची. मुलाला चिंता आहे ती पुढच्या महिन्यात कंत्राट राहील की नाही याची. ते घरी सांगण्याची त्याला लाज वाटते. वडील एवढेच म्हणाले, "अरे, तू झोपलास याचा राग नाही. माझ्यामागे वावर कोण बघणार याची धास्ती वाटते," तर बोलणे वेगळ्या वाटेने जाते. भावनेला नेमके नाव दिल्यास मेंदूतील भीती-संतापाशी निगडित भागाची हालचाल मंदावते, असे कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅथ्यू लीबरमन व सहकाऱ्यांना २००७ च्या प्रयोगात आढळले. बोलताना दात आवळले जाणे, कानशिले तापणे, आवाज चढणे ही लक्षणे दिसताच विषय त्या वेळेपुरता थांबवावा व पुन्हा कधी बसायचे ते लगेच ठरवावे. वेळ ठरविली नाही तर अबोला सुरू होतो, आणि तो अधिक घातक.

सर्वात नाजूक प्रसंग बहिणीच्या हक्कसोड पत्राचा. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. तरीही मोबदल्याची रक्कम यायच्या वेळी बहिणीला फोन जातो: "ताई, उद्या सही करायला ये." भावाच्या दृष्टीने ते कागदाचे काम असते. बहिणीला ऐकू येते ते, माहेर संपले. ती सही करते, गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्याला आपण संमती समजतो. पुढे वर्षानुवर्षे राखी बंद होते किंवा दावा उभा राहतो. त्याऐवजी सातबारा समोर ठेवावा, एकूण रक्कम किती ते सांगावे, "तुला काय वाटते?" असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. सही त्याच दिवशी घेऊ नये. भगिनींनीही भिडेपोटी सही करू नये, कारण नोंदणीकृत हक्कसोड पत्र नंतर रद्द करून घेणे सोपे नसते.

याचा अर्थ प्रत्येक राग गिळावा असा नाही. वजनात फसवणूक झाली किंवा मोबदला अडला तर येणारा राग रास्त आहे. तो घरात बायको-मुलांवर न काढता पट्टी, नोटीस, पंचनामा असे कागद घेऊन चार शेतकऱ्यांसह संबंधित कार्यालयात न्यावा.

घरातील कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ नीट झोपत नसेल, जेवणावरील वासना गेली असेल किंवा मरणाची भाषा करीत असेल, तर तो आजार समजून डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. अशा काळात कीटकनाशके व तणनाशके कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.