जीव टांगणीला... सापाचा!

परदेशात शिकायला गेलेल्यांच्या फ्लॅट-शेअरिंगच्या गप्पांमध्ये भाडं किती, स्वयंपाक कुणाचा, भांडी कोण घासणार हे विषय ठरलेले. पण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये खोली बघायला गेल्यावर कधी कधी कोपऱ्यात दिवा लावलेली काचेची पेटी दिसते आणि होऊ घातलेला रूममेट अगदी सहज विचारतो, 'धरायचाय?' पेटीत साप असतो. बऱ्याचदा नारिंगी-लाल कॉर्न स्नेक, नाहीतर तपकिरी-काळ्या नक्षीचा, जाडसर बॉल पायथन. दोन्ही बिनविषारी, दोन्ही साधारण तीन ते पाच फुटांचे. तिकडे ते मांजर-कुत्र्यासारखेच रीतसर विकत आणलेले पाळीव प्राणी असतात.

अशा वेळी आपल्यातले काही जण थेट दार गाठतात, तर काही जण रीलसाठी मोबाइल ऑन करून हात पुढं करतात. सापाच्या दृष्टीनं विचाराल तर दुसरा गट जास्त धोक्याचा! दार गाठणाऱ्याच्या हातून निदान साप तरी पडत नाही. साप स्वतःहून उडी मारत नाही. तो हातावर वळतो, आपण दचकतो, हात झटकला जातो आणि तो चार-पाच फुटांवरून फरशीवर आदळतो.

पुढं जाण्याआधी 'मग आपणही इथं पाळूया की' असं मनात आलेल्यांसाठी थोडं कायद्याबद्दल. नाग, धामण, दिवड, मांडूळ, आपला अजगर, असा कुठलाही देशी साप घरात ठेवता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतल्या प्राण्यांच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. घरात शिरलेला साप पकडून सोडणं हे सर्पमित्राचं काम. साप पाळणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. बॉल पायथनसारखे आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेले परदेशी साप ज्यांच्याकडे आहेत, त्यांना २०२४च्या नियमांनुसार सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. तस्करीचं सांगायचं तर डिसेंबर २०२३मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले, तेही खाऊच्या पाकिटांत कोंबलेले. तेव्हा 'ओळखीतून मिळतोय' असं कुणी म्हणालं तर तो कुठून आणि कसा आला असेल याचा आधी विचार करा.

आता रूममेटच्या सापाकडे येऊ.

साप म्हणजे लवचीक रबरी नळी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याच्या अंगात हाडंच हाडं असतात. माणसाच्या पाठीच्या कण्यात ३३ मणके, सापाच्या साधारण दोनशे ते चारशे. धडातल्या जवळपास प्रत्येक मणक्याला बरगड्यांची एक जोडी. आपल्या बरगड्या पुढं छातीच्या हाडाला जोडलेल्या असतात. सापाला ते हाडच नाही. बरगड्यांची टोकं मोकळी, म्हणून तर तोंडापेक्षा मोठं भक्ष्य तो गिळू शकतो. पण याच रचनेमुळं पोटाकडच्या बाजूला आतल्या अवयवांना हाडाचं कवच नाही. हृदय, फुप्फुस, यकृत, आतडी सगळं एकामागं एक लांबट मांडलेलं. मांजर पडताना चार पायांवर धक्का झेलतं. सापाला झेलायला पायच नाहीत, जो भाग आधी टेकेल त्यालाच मार बसतो.

म्हणून पहिला नियम अगदी साधा आहे: बसून धरा. जमिनीवर, गादीवर, कार्पेटवर मांडी घालून बसलात की पडण्याची उंची फूटभर राहते. गॅलरीत उभं राहून सेल्फी, जिन्यात 'बघ बघ' करत दुसऱ्याच्या हातात देणं, हे सगळं टाळायचं. फोटो दुसऱ्या कुणाला तरी काढू दे, तुमचे दोन्ही हात सापाखाली हवेत.

दुसरं म्हणजे, पकडू नका, आधार द्या. झाडाची फांदी सापाला धरून ठेवत नाही, तो फांदीला धरतो. तसेच आपले हात ठेवायचे. एक हात पुढच्या तिसऱ्या भागाखाली, दुसरा मागच्या भागाखाली. तो पुढं सरकला की मागचा हात पुढं आणायचा. घट्ट आवळलं की साप घाबरतो, सुटायला धडपडतो, आणि तिथंच गडबड होते. मानेला धरणं आणि शेपटीला लोंबकळवणं तर नकोच. मान धरून 'फणा' दाखवणारे व्हिडिओ आपण लहानपणापासून पाहत आलोय, पण ते बघून शिकू नये. शेपटीवर अख्ख्या अंगाचा भार आला तर मणक्यांना इजा होते.

वेळही बघावी लागते. खाऊन दोन दिवस झाले नसतील तर त्याला हात लावायचा नाही, तो खाल्लेलं उलटून टाकू शकतो. डोळे निळसर-दुधी दिसत असतील तर तो कात टाकणार आहे. त्याला नीट दिसत नसतं आणि तो चिडका झालेला असतो. मान इंग्रजी 'एस'सारखी आखडून घेतली असेल, फुत्कार चालू असेल, तर तेच त्याचं 'आज नको'. पेटीत हात घालताना वरून झडप घातल्यासारखा घालू नका, त्याला घार आल्यासारखं वाटतं. बाजूनं, हळू जा. त्याआधी हात धुवा, कारण बोटांना चिकनचा वास येत असेल तर साप तुमच्या बोटांनाच खाणं समजेल. नंतरही साबणानं धुवा, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. सापाची पापी घेणाऱ्या इन्फ्लुएन्सर मंडळींना हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि चावलाच तर? इथं खरी परीक्षा असते. या सापांचे दात बारीक आणि आतल्या बाजूला वळलेले असतात. हात झटकला की आपली कातडी जास्त फाटते, त्याचे दात तुटतात आणि साप भिरकावला जातो. म्हणजे एका चाव्याचे तीन अपघात! बहुतेक वेळा तो चावून लगेच सोडतो. धरूनच ठेवलं तर थांबायचं, किंवा गार पाण्याच्या धारेखाली हात धरायचा. सुटल्यावर जखम साबणानं स्वच्छ धुवायची.

एवढं करूनही साप पडला, तर सगळ्यात आधी सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. पडण्यापेक्षा आपल्या पळापळीत पायाखाली येण्यानं तो जास्त जायबंदी होऊ शकतो. कुत्रा-मांजर खोलीत असेल तर त्याला बाहेर काढा, दार लावा, दाराखालच्या फटीत टॉवेल सारा. साप सोफ्याखाली निघाला असेल तर शेपटी धरून ओढू नका. तो शांत झाला की दोन्ही हातांनी आधार देत उचला आणि पेटीत, त्याच्या लपायच्या जागेपाशी सोडा. दाबून बघणं, मालिश, 'सरळ करून पाहणं' काही नको.

मग फक्त बघायचं. अंगाला कुठं नवा बाक, खड्डा किंवा फुगवटा दिसतोय का? जीभ लपलपतेय का? सरपटण्याची लाट अंगभर सारखी जातेय की एका जागी थबकतेय आणि मागचा भाग नुसता ओढला जातोय? पाठीवर पडला तर स्वतःहून सरळ होतोय का? तोंडातून रक्त, तोंड उघडं ठेवून श्वास, मान वाकडी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा व्हेट गाठा. आपल्या डब्यातली पेनकिलर त्याला चुकूनही द्यायची नाही. नेताना उशीच्या अभ्र्यात सोडून तोंड बांधायचं आणि तो अभ्रा हवा जाईल अशा खोक्यात ठेवायचा.

गादीवर फूटभरावरून पडलेला साप बहुतेक वेळा ठणठणीत असतो. फरशीवर उंचावरून पडलेला पहिल्या दिवशी ठणठणीत 'दिसतो'. आतली इजा दोन-चार दिवसांनीही कळू शकते, म्हणून निदान आठवडाभर हाताळणं बंद, काही दिवस खाणंही बंद आणि विष्ठेत रक्त आहे का यावर लक्ष. हे सगळं साप ज्याचा आहे त्याला माहीत असेल तरच तो करणार. तेव्हा तो आंघोळीला गेलेला असताना तुमच्या हातून साप पडला, तर गुपचूप पेटीत ठेवून मोकळं होऊ नका. थोडं लाजल्यासारखं होईल, होऊ दे. चांगली निगा राखली तर बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या, साठी ओलांडलेल्या मादीनं तर २०२०मध्ये अंडी घातली होती. त्यातलं एखादं वर्षसुद्धा मोडक्या मणक्यानं काढायला लागणं सोपं नाही.

व्हेटकडे गेल्यावर एक्स-रेआधी तीन प्रश्न येणारच: किती उंचीवरून पडला, खाली काय होतं आणि शेवटचं कधी खाल्लं. पहिल्या दोघांची उत्तरं तुमच्याकडे असतील. तिसऱ्यासाठी रूममेटला फोन लावा, कारण पोटात अख्खा उंदीर असताना पडलेल्या सापाला तपासताना डॉक्टरांचा हातही जपूनच चालतो.