मुरुमे : कारणे रोजचीच, उपायही रोजचेच

वाराणसीत अहिल्याबाई घाटाला लागूनच मुन्शी घाट आहे. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधविला आणि त्यांच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. काशीयात्रेस गेलेल्या मराठी माणसाला म्हणूनच या दोन घाटांवर घरच्यासारखे वाटते. गंगास्नानापूर्वी अंगाला आणि डोक्याला मोहरीचे तेल चोळण्याची तिकडची रीत जुनी आहे. आपल्याकडे मोहरीच्या जागी खोबरेल येते, एवढाच काय तो फरक. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, घाम निथळू लागतो आणि केसांतले तेल त्या घामाबरोबर कपाळावर उतरते. हे तेल आणि तरुण चेहऱ्यांवरील मुरुमे यांचा परस्परसंबंध मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

मुरुमांचा विचार काशीला नवा नाही. काशिराज दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुताला आयुर्वेदाचा उपदेश केला, अशी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणी ‘मुखदूषिका’ या विकाराचे वर्णन येते. तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या या पुळ्यांना ग्रंथकाराने काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. ज्याने सावरीचे खोड जवळून पाहिले आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे सांगावे लागत नाही. विकार क्षुद्र गणला गेला, तरी ज्याच्या चेहऱ्यावर तो उमटतो त्याला तो क्षुद्र वाटत नाही. महाविद्यालयाचा पहिला दिवस, नोकरीची मुलाखत, लग्नासाठी पाहण्याचा कार्यक्रम अशा प्रसंगी मान खाली जाते. म्हणूनच या विषयाकडे गांभीर्याने पाहावयास हवे.

मुरूम म्हणजे काय?

आपल्या त्वचेतील केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे या ग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. त्याच वेळी रंध्राच्या आतील मृत पेशी नीट झडून न जाता एकमेकींना चिकटतात आणि रंध्राचे तोंड बुजते. आत साठलेल्या तेलात त्वचेवर एरवीही वास करणारे जिवाणू वाढतात, दाह होतो आणि लाल, दुखरी पुळी तयार होते. रंध्राचे तोंड उघडे राहिले, तर काळा ठिपका दिसतो. हा काळेपणा मळाचा नसतो, तो त्वचेतील रंगद्रव्याचा आणि हवेशी आलेल्या संपर्काचा परिणाम असतो. तेव्हा ‘चेहरा नीट धूत नाहीस, म्हणून पुळ्या येतात’ हा घरोघरी होणारा आरोप निराधार आहे.

हातून घडणाऱ्या चुका

संप्रेरके आपल्या हाती नाहीत, परंतु मुरुमे वाढविणाऱ्या अनेक गोष्टी आपल्या हाती आहेत. पहिली गोष्ट तेलाची. केसांना लावावयाच्या चिकट पोमेडमुळे कपाळावर व कानशिलांवर येणाऱ्या पुळ्यांचे वर्णन अमेरिकेतील त्वचातज्ज्ञांनी १९७० मध्ये केले होते. आपल्याकडील तेलाचेही तसेच आहे. कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक पुळ्यांची दाटी दिसली, तर पहिला संशय तेलावर घ्यावा. चेहऱ्यावर थापलेली जाड क्रीमे आणि रात्री न पुसलेला मेकअप हेही रंध्रे बुजवितात.

दुसरी चूक घासण्याची. दिवसातून पाच-सहा वेळा साबण लावल्याने किंवा खरखरीत उटण्याने चेहरा रगडल्याने मुरुमे जात नाहीत, उलट त्वचा कोरडी पडून दाह वाढतो. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट हे लोकप्रिय उपचारही त्वचेची आगच करतात. हेल्मेटचा पट्टा किंवा घट्ट मास्क जेथे घासतो तेथे पुळ्या उठतात, हे कोविडच्या काळात अनेकांनी अनुभवले.

तिसरी गोष्ट आहाराची. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००७ मध्ये १५ ते २५ वर्षे वयाच्या ४३ तरुणांचा १२ आठवडे अभ्यास केला. रक्तातील साखर झपाट्याने वाढविणारे पदार्थ ज्यांनी कमी केले, त्यांची मुरुमे इतरांपेक्षा अधिक घटली. मैद्याची बिस्किटे, गोड शीतपेये आणि मिठाई यांवर म्हणूनच नियंत्रण असावे. व्यायामशाळेत जाणाऱ्या काही तरुणांना ‘व्हे’ प्रथिनांच्या पावडरीनेही मुरुमे येतात.

चौथी आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे मुरूम फोडणे. नखाने दाबलेल्या पुळीतील द्रव्य आतच पसरते आणि मागे खड्डा किंवा काळा डाग राहतो. पुळी काही दिवसांत बरी होते, डाग मात्र कित्येक महिने टिकतो आणि खड्डा तर जन्मभराचा सोबती होतो.

दुकानातून आणलेली ‘जादूची’ ट्यूब

आपल्या देशात याहून गंभीर असे एक कारण आहे. चेहरा उजळावा किंवा पुळ्या जाव्यात म्हणून अनेक जण औषधांच्या दुकानातून किंवा मैत्रिणीच्या सांगण्यावरून एखादी ट्यूब आणतात. चार दिवसांत चेहरा तुकतुकीत दिसू लागतो आणि विश्वास बसतो. या ट्यूबमध्ये बहुधा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांसारखे स्टेरॉइड असते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ व लाल होते, मुरुमे उसळतात आणि ट्यूब थांबविली की चेहऱ्याची आग होते. मग माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो.

भारतीय त्वचातज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी स्टेरॉइडयुक्त मलमे वापरताना आढळले. त्यांपैकी २५७ जणांना हा सल्ला डॉक्टर नसलेल्या व्यक्तीकडून मिळाला होता. २२५ जणांत मुरुमे आलेली वा बळावलेली दिसली. ज्या रोगासाठी औषध आणले, तोच रोग औषधाने वाढविला! त्वचेवर लावावयाची अनेक स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत, यासाठी २०१८ मध्ये केंद्र शासनाने नियम कडक केले. तरीही वेष्टनावरील घटक वाचण्याची जबाबदारी ग्राहकाची उरतेच. अशी ट्यूब दीर्घकाळ लावली असेल, तर पुढे काय करावयाचे ते त्वचातज्ज्ञांच्या देखरेखीखालीच ठरवावे.

प्रतिबंधाचे साधे नियम

• सकाळी व रात्री, असे दोनदाच सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा. घाम आल्यावर साध्या पाण्याने धुऊन टॉवेलने टिपावा, घासू नये.
• डोक्याला तेल लावावयाचे असल्यास न्हाण्यापूर्वी तासभर आधी लावावे, कपाळ कोरडे ठेवावे. उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा.
• सौंदर्यप्रसाधनांवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ हा शब्द पाहावा. उन्हाने डाग गडद होतात, म्हणून हलके सनस्क्रीन लावावे.
• पुळीला हात लावू नये.
• मासिक पाळी अनियमित असेल आणि चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी.
• क्षयरोग किंवा अपस्मारावरील काही औषधांनीही पुळ्या येतात. अशा वेळी औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे.
• पुळ्या खोल, दुखऱ्या किंवा व्रण पाडणाऱ्या असतील, तर विनाविलंब त्वचातज्ज्ञांकडे जावे. बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडापालीन यांसारखी गुणकारी औषधे उपलब्ध आहेत. त्यांतील काही गर्भारपणात वर्ज्य असल्याने ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत.

या औषधांचा गुण दिसावयास साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यातच कंटाळून औषध सोडणारे अनेक असतात. आवर्ती ठेवीचे दोन हप्ते भरून खाते बंद करणाऱ्याच्या हाती जसे काही लागत नाही, तसेच हेही आहे. येथे सातत्याला पर्याय नाही.

शेवटची गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांसाठी. वयात आलेल्या मुलाच्या वा मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून ‘हे काय झाले?’ असे चारचौघांत विचारू नये. ते आरशात दिवसातून दहा वेळा पाहिलेले असते. त्याऐवजी शेजारी बसावे, कपाटातील ट्यूब हातात घेऊन तिच्यावरील नाव एकत्र वाचावे आणि गरज वाटल्यास सोबत डॉक्टरांकडे जावे. मुरुमांचे दिवस सरतात, पण त्या दिवसांत ऐकलेले शब्द मनात राहतात.